दुभत्याच्या कपाटातला पाहुणा

मराठी शिकविणाऱ्या माणसाचा सरड्याशी संबंध येतो तो दोनच ठिकाणी. एक, म्हणींच्या यादीत, ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’. आणि दुसरा, निवडणुकीच्या हंगामात, रंग बदलणाऱ्यांना नावे ठेवताना. वीस वर्षे मी मुलांना या म्हणीचा अर्थ सांगत आलो. भागवतातल्या नृग राजाची गोष्टही रंगवून सांगत आलो. दान दिलेली गाय चुकून दुसऱ्यांदा दान दिली म्हणून तो राजा सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला आणि शेवटी श्रीकृष्णाने त्याला वर काढले, ही ती गोष्ट. संस्कृतातला ‘सरट’ मराठीत ‘सरडा’ कसा झाला हेही फळ्यावर लिहून दाखवले. पण खरा सरडा पाणी कसे पितो, असे मला कोणी विचारले असते तर मी निरुत्तर झालो असतो. आणि एक दिवस मला ते खरोखरच विचारण्यात आले. विचारणारा होता माझा अकरा वर्षांचा भाचा.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत टेक्सासमध्ये असते. तिचा मुलगा यंदा जूनमध्ये दोन महिन्यांसाठी आजोळी आला. आजोळ म्हणजे आमचे आटगाव. कसारा लोकलने आसनगाव सोडले की पुढचेच स्टेशन. स्टेशनातून बाहेर पडले की एक रस्ता तानसा तलावाच्या रानाकडे जातो. तानसा म्हणजे १८९२ पासून मुंबईला पाणी पाजणारा तलाव. घराभोवती भाताची खाचरे, बांधावर साग-ऐनाची झाडे आणि आवाराला आईने स्वतः लावलेले मेंदीचे कुंपण. मुलाला इथे करमेल की नाही, ही बहिणीला काळजी. पण मुलगा आला तो पाठीवरच्या पिशवीत एक निळी वही घेऊन आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंपणापाशी उकिडवा बसलेला दिसला.

“मामा, हा इथे राहतो?” त्याने हळूच विचारले.

कुंपणाच्या खुंटावर एक सरडा बसला होता. डोके आणि खांदे तांबडेलाल, गळ्याशी काळा डाग, आणि पुढच्या पायांवर उठून तालमीतल्या पैलवानासारख्या जोर काढणे चाललेले. विणीच्या दिवसांत नर असे करतो. ‘हे कुंपण माझे आहे’ असे तो शेजारच्या नरांना बजावत असतो आणि माद्यांना आपली ऐट दाखवत असतो. हा लाल रंग पाहूनच इंग्रजांनी त्याला ‘रक्तपिपासू’ असे नाव ठेवले आणि आपल्याकडेही तो दुरून रक्त शोषतो, असे सांगून पोरे त्याला दगड मारतात. बिचारा मुंग्या, किडे आणि नाकतोडे खातो. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. त्याला विषही नाही.

“राहतो म्हणजे काय, कुंपण त्याचेच आहे,” मी म्हणालो. “पण तुला भीती नाही वाटत?”

“माझ्याकडे होता एक,” तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून, “मेला.”

ती निळी वही कसली, हे मला त्या रात्री कळले.

वाढदिवसाला त्याने हट्ट धरून एक हिरवा अनोल घेतला होता. अनोल हे अमेरिका खंडातल्या सरड्यांचे एक मोठे घराणे. त्यात ४०० च्या आसपास जाती आहेत. आपल्या सरड्याचे ते सख्खे नव्हेत, पण दूरच्या चुलत शाखेतले म्हणता येतील. हिरवा अनोल अमेरिकेच्या आग्नेय भागातला, टेक्सासमध्ये तर परसदारी दिसणारा. वीतभर लांब, त्यात निम्म्याहून अधिक शेपटी. नराच्या गळ्याखाली गुलाबी पंखा असतो, तो तो उघडतो आणि मिटतो. हिरव्याचा तपकिरी आणि तपकिरीचा पुन्हा हिरवा होतो. एके काळी तिकडच्या सर्कशींत आणि जत्रांत हे जीव दोऱ्याने बांधून विकत आणि हौशी लोक ते कोटाला टाचून मिरवीत. आता ते दुकानात मिळतात, आणि नवशिक्यांना पाळायला सोपा प्राणी म्हणून दुकानदार त्यांची शिफारस करतात.

सोपा! वहीच्या पहिल्या पानावर मुलाने इंग्रजीत एवढाच शब्द लिहून त्यावर काट मारली होती. पुढच्या पानावर मथळा होता, ‘मी काय चुकलो.’ त्याखाली क्रमांक घालून चुका लिहिल्या होत्या. मी आजवर पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या, पण स्वतःच्या चुका स्वतःच इतक्या नेटकेपणाने लिहिलेली उत्तरपत्रिका माझ्या पाहण्यात नव्हती.

पहिली चूक पाण्याची. त्याने वाटीत पाणी ठेवले. अनोलला वाटीतले साचलेले पाणी पिणे सहसा सुचतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. म्हणून दिवसातून दोनदा पानांवर पाण्याचा फवारा मारावा लागतो. त्याने हवाही दमट राहते, आणि तीही त्याला हवी असते.

दुसरी चूक जागेची. त्याने लांबट, बुटकी काचपेटी घेतली. अनोल हा झाडावर चढणारा प्राणी. त्याला उंची हवी, फांद्या हव्यात, आडोसा देणारी पाने हवीत. आणि एका पेटीत दोन नर कधीही ठेवू नयेत, मरेपर्यंत भांडतात.

तिसरी चूक हौसेची. तो त्याला दिवसातून दहादा हातात घेई. या प्राण्याला हाताळणे सोसत नाही. शेपटी धरली तर ती तोडून तो पळतो. नवी येते, पण पहिल्यासारखी येत नाही.

चौथी चूक अन्नाची. तो मेलेले, वाळवलेले किडे देई. अनोलला हलणारे, जिवंत भक्ष्य लागते, आणि तेही त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठे नको. रातकिड्यांना आधी स्वतः चांगले खाऊ घालायचे, मग त्यांच्यावर चुन्याच्या क्षाराची पूड भुरभुरवायची आणि नंतर ते सरड्याला द्यायचे.

आणि पाचवी चूक, जिच्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या, ती उन्हाची.

सरड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ऊन खाऊन त्याने ती मिळवायची असते. अनोलला पेटीत एक जागा तीस अंश सेल्सियसच्या आसपास गरम आणि दुसरी थंड सावलीची लागते, म्हणजे तो पाहिजे तसा इकडून तिकडे जाऊ शकतो. पण नुसती ऊब पुरत नाही. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले तरच त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असले तरच खाल्लेला चुना हाडांत जिरतो. मुलाने पेटी खिडकीत ठेवली. सकाळचे ऊन थेट तिच्यावर येई. सरडा ऊन खात बसला आहे, असे पाहून हा रोज समाधानाने शाळेत जाई. त्याला कोणी सांगितले नव्हते की हे किरण काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत. त्यासाठी वेगळा दिवा लावावा लागतो, आणि दिसायला चांगला असला तरी तो ठराविक महिन्यांनी बदलावा लागतो. दोन-तीन महिन्यांत सरड्याचा जबडा मऊ पडला, पाय वाकले, त्याला किडा धरता येईना. आपल्याकडे पूर्वी मुलांना मुडदूस होत असे, तसलाच हा प्रकार. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

“मामा, तो उन्हात बसलेला असायचा,” मुलगा म्हणाला. “मला वाटायचं तो खूश आहे.”

यावर मी काय बोलणार? भरल्या घरात माणसे काचेआडच्या उन्हात बसलेली असतात आणि आपण ती खुशीत आहेत असे समजतो, हे अकरा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखे नव्हते. मी वही मिटून त्याला परत दिली.

पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात सरडा घरात आला. आमच्या शेतावर येणाऱ्या बाईंचा मुलगा याच वयाचा. त्याने गवताच्या काडीला फास करून कुंपणावरचा एक सरडा अलगद उचलला. लाल डोक्याचा नव्हे, साधा मातकट रंगाचा. दोघे तो घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. खरे तर मी तेव्हाच नाही म्हणायला हवे होते. रानातला प्राणी धरून घरात आणणे हे मुळातच गैर. आपला घोयरा, म्हणजे डोळे गरगर फिरवणारा तो खरा रंगबदल्या, आणि घोरपड यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. हा त्यांतला नसला म्हणून काही घरातला झाला नाही. पण त्या मुलाच्या डोळ्यांत असे काही होते की माझ्या तोंडून निघाले, “दोन दिवस. फक्त दोन दिवस.”

ठेवायचा कशात? काचेची पेटी त्याला नको होती. माळ्यावर आईचे जुने दुभत्याचे कपाट होते, तिन्ही बाजूंना जाळी असलेले. आई कडाडली, “ज्यात मी चाळीस वर्षं दूध-तूप ठेवलं, त्यात सरडा?” मग नातवाचे तोंड पाहून म्हणाली, “फडकं लावून पुसून दे नंतर.” याचा अर्थ होकार.

मुलाने त्या कपाटाचे जे केले ते पाहण्यासारखे होते. मधल्या फळ्या काढल्या, म्हणजे उंची मिळाली. मेंदीच्या आणि कढीपत्त्याच्या फांद्या तिरक्या लावल्या. कपाट पडवीत असे ठेवले की ढग सरकले की जाळीतून थेट ऊन आत यावे आणि मागची बाजू सावलीत राहावी. इस्त्रीसाठी पाणी मारायची बाटली घेऊन सकाळ-संध्याकाळ फवारा. गवतातून लहान नाकतोडे. हात लावायचा नाही, आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. वहीतली एकेक चूक तो एकेक करून दुरुस्त करीत होता.

आणि सरडा काही खाईना.

पहिला दिवस गेला. नवी जागा आहे, बुजला असेल. दुसरा गेला. सरडा फांदीवर चढेच ना. तळाच्या कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी फळी खरवडत राही. थांबे, दुसऱ्या कोपऱ्यात जाई, पुन्हा खरवडे. रात्री जेवताना मुलगा बोलला नाही. त्याचा हात पानावरून हलत नव्हता. मला भीती वाटू लागली ती सरड्याची नव्हे. एक प्राणी आपल्या हातून गेल्याचे ओझे तो समुद्रापलीकडून इथवर घेऊन आला होता. दुसराही गेला तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी आई फुले काढून आली, कपाटापाशी वाकली आणि म्हणाली, “अरे, हिचे दिवस भरलेत. पोट बघा दोन्ही बाजूंनी कसं फुगलंय. ही खाईल कशाला? ही जागा शोधतेय.”

मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी आईच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. पावसाळा हा सरड्यांच्या अंडी घालण्याचा काळ. मादी ओलसर, भुसभुशीत जमीन निवडते, खड्डा खणते आणि त्यात दहा-वीस अंडी घालते. मनासारखी माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून राहतात, आणि त्यात ती मरूही शकते. “लाकडी फळीवर ठेवली आहे?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो तेव्हा मलाच लाज वाटली.

मुलगा सगळे ऐकत होता. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग एकदम उजळला. “मामा, आपण कपाटात माती टाकू! खूप माती. ती आत अंडी घालेल. मग पिल्लं होतील. मी सगळ्यांना नीट वाढवीन. आता मला येतं.”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आता त्याला खरेच येत होते. मी काही बोललो नाही. आम्ही दोघे घमेले घेऊन परसात गेलो. अळूच्या वाफ्यातली माती भरताना त्याने मूठभर उचलून दाबून पाहिली. मग कुंपणाकडची पाहिली. मग आंब्याखालची.

“कुठली घ्यायची?”

“मला काय ठाऊक? मी मराठी शिकवतो.”

“तिला कसं कळतं कुठली बरोबर?”

“तिचं तिला कळतं. तिच्या आईनंही कुठेतरी अशीच शोधली असेल.”

तो बराच वेळ हातातल्या मातीकडे पाहत उभा राहिला. मग त्याने घमेले उलटे केले. “मग तिलाच शोधू दे,” तो म्हणाला.

कपाट परसात नेऊन दार उघडले. ती लगेच बाहेर पडली नाही. उंबऱ्यावर डोके काढून थांबली, एका डोळ्याने आमच्याकडे पाहिले आणि मग सरसर मेंदीत शिरली. मुलाने हात पाठीमागे घट्ट धरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली, तेव्हा ती आईला दिसली. कुंपणाच्या आतल्या बाजूला, कढीपत्त्याच्या झाडाखाली ती खणत होती. तीच ती, याची खूण म्हणजे गवताच्या फासाने मानेवर उठलेली बारीक रेघ. आम्ही तिघे पडवीतून, श्वास धरून पाहत होतो. खड्डा झाल्यावर ती उलटी फिरून त्यावर बसली. केवढा तरी वेळ. नंतर माती लोटून तिने खड्डा बुजवला आणि नाकाने टोचे मारून मारून ती माती घट्ट केली, जशी एखादी गृहिणी बरणीचे तोंड दाबून बसवते. मग निघून गेली. सरड्याची मादी अंड्यांची राखण करीत नाही. तिचे काम तिथे संपते.

“आता मी कोणाची काळजी घेऊ?” मुलाने विचारले.

आईने त्याला बांबूच्या काड्या आणून दिल्या. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून त्या जागेभोवती त्याने हातभर उंचीचे कुंपण केले. आत पाणी घालायचे नाही, खणून पाहायचे नाही, मोजायचे नाही. रोज फक्त नजर टाकायची. निळ्या वहीत नवा मथळा पडला आणि त्याखाली रोज एक ओळ: ‘आज काही नाही.’

या काळात आमचे वाचन मात्र जोरात चालले. अनोलसारखा गळ्याचा पंखा असलेले सरडे आपल्या महाराष्ट्रातही आहेत, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा नर गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी असा तिरंगी पंखा फुलवतो. २०१६ साली भारतीय अभ्यासकांनी या सरड्यांना वेगळे कुल दिले, आणि त्या कुलाचे शास्त्रीय नाव ठेवले ‘सरडा’. आपला मराठी शब्द, फळ्यावर ज्याची व्युत्पत्ती मी लिहीत आलो तो, आता जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत गेला आहे! त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे शिकारी पक्षी कमी झाल्याने सरडे वाढले आणि धीटही झाले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. एक सूत ओढावे तर सगळे वस्त्र हलते, ते असे.

दुसरी गोष्ट मुलाने मला सांगितली. क्यूबाकडचा तपकिरी अनोल फ्लॉरिडात शिरला आणि त्याने हिरव्या अनोलला झाडाच्या शेंड्याकडे पिटाळले. वर राहायचे तर पकड चांगली हवी. संशोधकांनी पाहिले की अवघ्या पंधरा वर्षांत, सुमारे वीस पिढ्यांत, हिरव्या अनोलच्या बोटांच्या गाद्या मोठ्या झाल्या. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आणि आपला कुंपणावरचा सरडा? कोणीतरी पाळायला म्हणून नेला असावा, तोही आज फ्लॉरिडात सुटून वस्ती करून आहे. म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आता तपासून घ्यायला हवी.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भाचा परत गेला. जाताना काड्यांच्या कुंपणापाशी बराच वेळ बसला होता. ‘आज काही नाही’ ही शेवटची ओळ लिहून त्याने वही आजीच्या हातात दिली. आईला इंग्रजी येत नाही, पण त्या ओळीखाली ती रोज मराठीत लिहू लागली. तिचे अक्षर थरथरते, तरी एक दिवस चुकला नाही.

या अंड्यांना फुटायला सुमारे सहा-सात आठवडे लागतात. श्रावण सरत आला असताना एका सकाळी मी लोकलमध्ये होतो आणि आईचा फोन आला. मेंदीच्या खालच्या फांद्यांवर बोटभर लांबीची चार पिल्ले होती, काडीसारखी बारीक, आणि त्यांतले एक पुढच्या पायांवर उठून इवलासा जोर काढत होते. काड्यांच्या कुंपणातली माती एका बाजूने खचली होती.

ही त्याच खड्ड्यातली कशावरून? शास्त्र विचारील. आमच्या आवारात सरडे काही एक नाहीत. मी तसे म्हणणार होतो, पण तोवर आईने टेक्सासला फोन लावला होता. तिथे रात्र होती. पोराला झोपेतून उठवण्यात आले.

हे सारे लिहायचे कारण असे की, हल्ली आपल्याकडच्या मुलांच्याही कानांवर अनोल, इग्वाना अशी नावे येतात, चित्रफिती पाहून ती हट्ट धरतात, आणि दुकानदार ‘सोपा आहे’ म्हणतो. वाचकहो, सोपा कोणताही प्राणी नसतो. अनोलला नीट ठेवले तर तो चार-सहा वर्षे जगतो. तेवढी वर्षे रोज ऊन, ऊब, ओल आणि जिवंत अन्न पुरवायची तयारी असेल, जवळ सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार डॉक्टर असेल, आणि प्राणी कायदेशीर मार्गाने, कागदपत्रांसह आलेला असेल, तरच त्या वाटेला जावे. नसेल तर गॅलरीतल्या कुंडीपाशी नाहीतर गावाकडच्या कुंपणापाशी मुलाला एक वही देऊन बसवावे. पोसण्याचा खर्च नाही, आणि चुका झाल्या तरी जीव जात नाही.

दुभत्याचे कपाट आईने फडक्याने पुसून पुन्हा माळ्यावर टाकायला सांगितले. मी ते टाकले नाही. पडवीतच आहे, दार उघडे ठेवून. परवा त्यावर एक सरडा ऊन खात बसला होता. आई म्हणाली, “बघ, माहेरी आलीय.”

वहीत तिने तशी नोंद केली आहे.